धमकी आली की मुलीला घरी बसवायचं नाही. मग करायचं काय?

पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यातल्या मलाला युसूफझाईवर ९ ऑक्टोबर २०१२ रोजी गोळी झाडली गेली, ती परीक्षा देऊन शाळेच्या गाडीतून घरी परतताना. नायजेरियातल्या चिबोकमधून १४ एप्रिल २०१४ च्या रात्री २७६ मुली पळवल्या, तेव्हा त्या परीक्षेसाठी वसतिगृहात जमल्या होत्या. काबूलच्या दश्त-ए-बारची भागात ८ मे २०२१ ला स्फोट झाले, ते मुली शाळा सुटून बाहेर पडत असताना. तिन्ही ठिकाणी मुली कधी आणि कुठे एकत्र सापडतील, हे आधीच ठरलेलं होतं. शाळेचं वेळापत्रक सगळ्यांनाच माहीत असतं.

पण नुसत्या धमकीचंही किती चालतं, ते स्वातमध्ये दिसलं. तालिबानने १५ जानेवारी २००९ पासून मुलींच्या शाळा बंद करण्याचं फर्मान काढलं. ती तारीख उजाडायच्या आधीच, डायरीतल्या ३ जानेवारीच्या नोंदीत मलालाने लिहिलं की तिच्या वर्गात २७ पैकी ११ मुली आल्या. शाळा उघडीच होती. दारं घरांची लागली होती.

डिचोली, सत्तरी, पेडण्यातली मुलगी सकाळी बालरथात, म्हणजे शाळेच्या बसमध्ये, चढते, दुपारी त्याच तिठ्यावर उतरते, आणि या प्रवासात तिच्या जिवाला काही होईल असा विचारही घरच्यांच्या मनात येत नाही. हे भाग्यच आहे. आपला गोवा म्हणजे स्वात नव्हे, आणि तशी तुलना करणं तिथल्या मुलींवर अन्याय करणारं ठरेल. पण धमकीनंतर घरात जे घडतं, ते इथेही तसंच घडतं. कुणी रोज बाईकवरून मागे येतो, मोबाईलवर ‘उद्या दिसलीस तर बघ’ असं पाठवतो. घरचे म्हणतात, चार दिवस घरी राहा. चाराचे पंधरा होतात, चाचणी बुडते, मग अभ्यास मागे पडला म्हणून शाळाच नको. मुलीला हे आधीच कळतं, म्हणून ती तोंड उघडत नाही. तेव्हा तिने सांगितल्यावर आईवडिलांचं पहिलं वाक्य एकच हवं: ‘बाय, तुझी शाळा बंद होणार नाही.’ बाकीचे प्रश्न नंतर.

त्यानंतर मोबाईल हातात घ्या, पण काही पुसू नका आणि त्या नंबरला लगेच ब्लॉकही करू नका. आधी नंबर, तारीख, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढा. ते दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवा आणि मूळ मेसेज तसाच राहू द्या. मग वहीत लिहा: कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या बसस्टॉपवर, गाडीचा नंबर, नेमके शब्द, सोबत कोण होतं.

तक्रार इथेच फसते. ‘मुलीला त्रास देतो, धमकी देतो’ एवढंच लिहिलं तर अर्जाची नुसती नोंद होऊन तो बाजूला पडू शकतो. किती वेळा पाठलाग केला, नकार दिल्यावरही कितीदा मेसेज केले, हे तारखांसकट लिहा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा आहे. मुलगी १८ वर्षांखालची असेल आणि हेतू लैंगिक असेल, तर पॉक्सोची, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याची, ११ आणि १२ ही कलमं लागतात, आणि पॉक्सोतला गुन्हा कळल्यावर पोलिसांना न कळवणारे मुख्याध्यापकही शिक्षेला पात्र ठरतात. ‘शाळेचं नाव खराब होईल’ म्हणून गप्प बसायची सोय कायद्याने ठेवलेली नाही.

शाळेत अर्ज द्याल तो दोन प्रतींत, आणि आपल्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घ्या. पोलिसांकडे जाताना हद्दीचा घोळ घालू देऊ नका. दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात) खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. पॉक्सोत मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता. हे ठाण्यात आधीच मागा, कारण बऱ्याचदा ते कुणी आपण होऊन सांगत नाही. तातडीची वेळ असेल तर ११२, मुलांसाठी १०९८.

आणि गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिचं नाव, फोटो, शाळा टाकू नका. मदत मागायच्या हेतूने टाकलं तरी चर्चा मुलाची होत नाही, मुलीची होते. ती शाळा सोडते ती बहुतेकदा यानंतर. शिवाय तिची ओळख उघड करणं हा गुन्हा ठरू शकतो.

राहिला रस्ता. बालरथ ठरलेल्या वेळी निघून जातो, आणि जादा तास, स्नेहसंमेलनाची तालीम, खेळाचा सराव असलेली मुलगी मागे राहते. पावसाळ्यात काळोख लवकर दाटतो. अकरावी-बारावीच्या मुलींना तर कदंब (सरकारी) किंवा खाजगी बस गाठावी लागते. शेवटची बस किती वाजता आणि तिठ्यापासून घर किती लांब, हे प्रत्येक मुलीपुढे लिहून पालक-शिक्षक संघाने तो तक्ता जूनमध्येच करावा. मागे राहणाऱ्या मुली एका वाटेच्या असतील तर दोघी-तिघींनी मिळून निघायचं. बंद दिव्याची तक्रार खांबाच्या क्रमांकासकट पंचायतीला लेखी द्यायची. जादा तास कितीही गरजेचा असो, शेवटची बस चुकत असेल तर तो सकाळी ठेवावा.