गच्चीवरची सोनेरी मोरपंखी

ठाण्यातल्या आमच्या गच्चीवर पूर्वेच्या कठड्याशी सोनेरी मोरपंखीचे एक बुटके झाड आहे. चीन-कोरियाकडच्या प्लॅटिक्लॅडस ओरिएंटॅलिस या सूचिपर्णी वृक्षाचा 'ऑरिया नाना' हा ठेंगणा वाण असून, त्याच्या चपट्या डहाळ्या वहीच्या पानांसारख्या उभ्या, एकमेकींना लागून वाढतात. डहाळी बोटांत धरून पाहिली, तर पानांच्या जागी एकावर एक बसलेले बारीक खवले दिसतात, आणि सोनेरी झाक केवळ उन्हाकडच्या टोकांवर असते. आतला भाग हिरवाच राहतो. म्हणूनच पाच-सहा तास ऊन मिळाले नाही, तर सारे झाड हिरवट पडते.

आपल्याकडे खरी काळजी पावसाळ्याची. पूर्वी अशी दोन झाडे होती. एका जुलैत कुंडीचे छिद्र मातीने बुजल्याचे माझ्या ध्यानात आले नाही आणि दुसऱ्याची मुळे कुजली, याची हळहळ मला अजून वाटते. तेव्हापासून मी मातीत भरपूर जाड वाळू आणि विटांचा चुरा मिसळतो, कुंडी विटांवर उचलून ठेवतो आणि पाऊस लागून राहिला की वरून पाणी अजिबात घालत नाही. छाटणी फक्त कोवळ्या टोकांचीच करावी, कारण जुन्या तपकिरी लाकडातून सहसा नवी फूट येत नाही.