आमची वाटचाल : क्रशरचा घसारा आणि खाणीतला उरलेला दगड

नाशिकजवळ विल्होळी-सारूळच्या पट्ट्यात वडिलांनी भागीदारीत खडी क्रशर सुरू केला, तेव्हा खतावणीत डिझेल, मजुरी, सुरुंग आणि काढलेल्या दगडावर सरकारला द्यायची रॉयल्टी हेच खर्च ठळक दिसत. घसारा, म्हणजे यंत्राची किंमत वापराने दरवर्षी जेवढी घटते तो खर्च, सीए साहेब वर्षअखेरीस विवरणपत्रापुरता काढून देत. व्यवसायाची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी झाल्यावर मात्र तोच आकडा आमच्या खडीच्या दराचा भाग झाला, आणि आमच्या वाटचालीत मला हा बदल नव्या यंत्रांपेक्षाही मोठा वाटतो.

आता आमच्याकडे घसाऱ्याचे दोन तक्ते असतात. समजा क्रशर 48 लाखांचा आहे. आयकरासाठी घटत्या शिल्लक पद्धतीने (दरवर्षी उरलेल्या किमतीवर) 15 टक्के, म्हणजे पहिल्या वर्षी 7 लाख 20 हजार रुपये मिळतात; यंत्र त्या वर्षी 180 दिवसांपेक्षा कमी वापरले असेल तर त्याच्या निम्मेच. कंपनीच्या पुस्तकात मात्र आम्ही आयुष्य 12 वर्षे आणि अवशिष्ट मूल्य (शेवटी उरणारी किंमत) 5 टक्के धरून समान हप्त्यांनी दरवर्षी 3 लाख 80 हजार लिहितो. दर ठरवताना यांतला दुसरा, म्हणजे पुस्तकातला आकडाच धरावा, असे माझे मत आहे. पहिला कर वाचवण्यासाठी ठीक, पण त्यावरून भाव काढला तर सुरुवातीची वर्षे उगाच महाग दिसतात. रस्त्यांच्या कामांमुळे मागणी वाढून क्रशर दोन पाळ्यांत चालतो, तेव्हा कंपनी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे तेवढ्या काळाचा घसारा 50 टक्क्यांनी वाढवावा लागतो आणि तो त्याच कामाच्या दरात धरावा लागतो.

जॉ प्लेटचा प्रश्न वेगळा आहे. क्रशरच्या जबड्यात दगड चिरडणारी, मँगनीज पोलादाची ही दातेरी प्लेट खालच्या अंगाला आधी झिजते, म्हणून फिटर ती उलटी करून बसवतो आणि दात सपाट झाले की भंगारात टाकतो. ती वर्षभरही टिकत नसल्याने तिचा खर्च आम्ही थेट सुट्या भागांत लिहितो.

खाणीला मात्र वर्षांचा हिशेब लागू पडत नाही, कारण बंद खाणीतला दगड कमी होत नाही. भाडेपट्टा, वरची माती काढणे आणि रस्ता यांवर 24 लाख खर्च झाले आणि 60,000 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) दगड अपेक्षित असला, तर प्रत्येक ब्रासमागे 40 रुपये क्षय, म्हणजे दगडाबरोबर संपत जाणारा खाणीवरचा खर्च, लिहायचा. रॉयल्टी त्याहून निराळी. आपल्याकडच्या काळ्या बेसाल्टमध्ये लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कधी तांबड्या मातीचा मऊ पट्टा लागतो, जो खडीच्या कामाचा नसतो. समजा 20,000 ब्रास काढल्यावर असा पट्टा लागला आणि शिल्लक दगडाचा अंदाज 40,000 वरून 25,000 ब्रासवर आला, तर मागची वर्षे न बदलता उरलेले 16 लाख उरलेल्या दगडावर वाटले जातात आणि ब्रासमागे 64 रुपये पडतात. ठेकेदाराला हे वाढीव 24 रुपये पटवणे सोपे नसते. पण तक्ता समोर ठेवला की निदान घासाघीस मुद्द्यावर होते.

घसारा आणि क्षय पुस्तकात लिहिल्याने बँकेत एक रुपयाही जमा होत नाही. म्हणून खडीची बिले वसूल होतात तशी दोन्हींची रक्कम आम्ही वेगळ्या मुदत ठेवीत टाकतो आणि पुढच्या खाणीच्या भाडेपट्ट्याची बोली त्या ठेवीकडे पाहूनच लावतो.