तुम्ही विचारलंत म्हणून : डाग संसर्गाचा की किरणांचा?

फुफ्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण किरणोपचार संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी धाप आणि कोरडा खोकला घेऊन परत येतात, सीटी स्कॅनमध्ये नवा पांढरट डाग दिसतो आणि नातेवाईक मला विचारतात, ‘डॉक्टर, हे इन्फेक्शन आहे की लाइटचा परिणाम? एक काय ते सांगा ना, दोन्हींची औषधं कशाला देता?’ छातीविकारतज्ज्ञ म्हणून हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्यातला अविश्वास मला शब्दांआधीच कळतो. संसर्गावरचे अँटिबायोटिक आणि किरणांच्या दाहावरचे स्टेरॉइड एकाच कागदावर लिहिणारा डॉक्टर अंधारात चाचपडतो आहे, असे तुम्हाला वाटते. ते पुष्कळदा खरेही असते.

ताप, खोकला, धाप, रक्तातले वाढलेले सीआरपी (दाह दाखवणारे प्रथिन) हे सारे दोन्हींत सारखेच असते. किरणांनी होणारा दाह सहसा उपचारानंतर १ ते ६ महिन्यांत येतो आणि केमोने अशक्त झालेल्या, गाठीने श्वासनलिका दाबलेल्या रुग्णाला जंतुसंसर्ग होण्याचाही काळ तोच. पूर्वी मी विद्यार्थ्यांना ठामपणे सांगत असे की डागाची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ असेल आणि तो फुफ्फुसाच्या खंडांमधली सीमा ओलांडून गेला असेल, तर तो किरणांचा समजावा. दोन-तीन ठरावीक दिशांनीच किरण दिले जात, तेव्हा हे बऱ्याच अंशी खरे होते. आता यंत्र रुग्णाभोवती फिरत किरण देते, मोठी मात्रा गाठीच्या आकाराप्रमाणे वळते, थोडी मात्रा आजूबाजूला पसरते आणि ती सरळ कड पुष्कळदा दिसतच नाही. शिवाय किरणांमुळे सुरू झालेला दाह कधी कधी किरण न लागलेल्या भागातही उमटतो.

ज्यांच्यामुळे मी हे लिहितो आहे, ते साठीतले शेतकरी होते. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या खंडात गाठ, सहा आठवड्यांत ३० वेळा मिळून ६० ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक), सोबत दर आठवड्याला केमो. उपचार संपून नववा आठवडा चालू असताना ते आले. पायऱ्या चढवत नव्हत्या, अंगात कणकण होती आणि तपासायला बेडका पडतच नव्हता. किरणोपचाराच्या आराखड्यावर मी नवा स्कॅन ठेवून पाहिला, तेव्हा उजवीकडचा डाग २० ग्रेच्या रेषेच्या आत, म्हणजे निदान तेवढी मात्रा मिळालेल्या भागात, नेमका बसला. जंतुसंसर्गात रक्तात वाढणारे प्रोकॅल्सिटोनिन कमी होते. पाच दिवस अँटिबायोटिक देऊन फरक पडला नाही, म्हणून मी स्टेरॉइड सुरू केले आणि तिसऱ्या दिवशी ते जेवायला उठून बसले. मला वाटले, उत्तर मिळाले.

पाचव्या आठवड्यात स्टेरॉइड उतरवत असताना धाप परत आली. मात्रा कमी करताना किरणांचा दाह पुन्हा उसळतो, हे पुस्तकात आहे आणि मी अनेकदा पाहिलेही होते. म्हणून मी मात्रा वाढवली. स्टेरॉइड प्रतिकारशक्तीही दाबते, म्हणून त्याआधी दुर्बीण घालून फुफ्फुस धुतलेले पाणी जंतूंसाठी तपासायला हवे होते. ऑक्सिजन ८८ वर आहे, दुर्बीण सोसणार नाही, असे मी त्यांच्या मुलीला सांगितले आणि ते कारण मला आजही खोटे वाटत नाही. पण तपासणीची गरजच नाही अशी माझी खात्री झालेली होती, हेही तितकेच खरे आहे. नऊ दिवसांनी डाव्या फुफ्फुसाच्या टोकाशी पोकळी दिसली. मग दुर्बीण घातली आणि जीनएक्स्पर्ट या क्षयाच्या जंतूंचा जनुकीय शोध घेणाऱ्या तपासणीत क्षय (टीबी) निघाला. क्षयात प्रोकॅल्सिटोनिन बहुधा फारसे वाढत नाही, हे मला ठाऊक होते. स्टेरॉइडने क्षयाचाही ताप काही दिवस दबतो आणि माणसाला तरतरी वाटते, हेही ठाऊक होते. उपचार सुरू केले, पण त्यातले रिफाम्पिसिन स्टेरॉइडचा परिणाम घटवते, त्यामुळे एकाला आवरावे तर दुसरे आवरेना. सतराव्या दिवशी ते गेले.

मुलीने विचारले, ‘डॉक्टर, मग बाबांना पहिल्यापासून टीबीच होता का?’

तेव्हापासून स्टेरॉइड सुरू करताना आणि वाढवताना, रुग्णाला झेपणार असेल तर, मी फुफ्फुस धुतलेले ते पाणी तपासायला मागतो. तुम्ही ‘अजून एक तपासणी?’ म्हणून वैतागता, तरीही मागतो. त्यात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या तर किरणांच्या दाहाकडे कल जातो, पण तेवढ्याने तो सिद्ध होत नाही. लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक क्षयाला काही दिवस झाकून ठेवते, म्हणून अशा रुग्णांत मी ते शक्यतो टाळतो. आता ड्युरव्हॅलुमॅबसारखी प्रतिकारशक्ती जागवणारी औषधे किरणोपचारानंतर देतात आणि तीही असाच दाह करतात. तुमच्या दोन पर्यायांत तो तिसरा. अशा वेळी दोन्ही औषधे लिहिणे मला अजूनही योग्य वाटते, कारण उत्तराची वाट पाहण्याइतका श्वास सगळ्यांकडे उरलेला नसतो.

त्यांचा पहिला स्कॅन मी अनेकदा पुन्हा उघडून पाहिला आहे. उजवीकडचा डाग रेषेच्या आतच आहे. डाव्या टोकाशी, रेषेच्या बाहेर, नखाएवढी एक पुसट छटा आहे. ती मी तेव्हाही पाहिली होती आणि किरणांचा दाह कधी बाहेरही उमटतो, असे स्वतःला सांगून पुढे गेलो होतो. ती कशाची होती, हे मी त्यांच्या मुलीला अजून सांगू शकलेलो नाही.