वरातीमागून घोडं

नाताळचा घोडा मी नाताळात कधीच घेत नाही. २६ डिसेंबर उजाडला की दुकानवाल्यांना तो डोळ्यांसमोर नको होतो, आणि साठ-सत्तर डॉलरचा घोडा पस्तिसाला सुटतो. नवरा म्हणतो, ‘आलं वरातीमागून घोडं!’ चौदा वर्षं हा एकच विनोद चाललाय आणि दरवर्षी तो स्वतःच हसतो.

हे प्रकरण ठाऊक नसेल तर थोडक्यात सांगते. ब्रेयर हे प्लास्टिकच्या हुबेहूब घोड्यांचं अमेरिकन नाव. १९५० साली शिकागोच्या ब्रेयर मोल्डिंग कंपनीने एका घड्याळ कंपनीसाठी घड्याळाशेजारी उभा राहणारा घोडा केला. लोकांना घड्याळापेक्षा घोडाच आवडला, आणि मग घोडेच सुरू झाले. आता त्यांचं बिऱ्हाड इथे न्यू जर्सीत, आमच्या पार्सिपनीच्या घरापासून फार लांब नाही. (नवऱ्याच्या मते हेच माझं दुर्दैव.) मोठ्या आकाराचा घोडा खऱ्याच्या एक-नवमांश, म्हणजे वीतभर उंच. रंग हातानं दिलेला, शिरासुद्धा दिसतात. आणि दर हिवाळ्यात एक घोडा नाताळचा साज लेवून येतो. मखमली झूल, गोंडे, घुंगरं, असा सगळा थाट.

मुरलेले संग्राहक या घोड्यांना नाक मुरडतात. साज काढला की खाली साचा जुनाच, म्हणतात. खरंय ते. एकाच साच्यातून एका वर्षी कुमेत निघतो, पुढे कधीतरी अबलख. त्यांच्या लेखी झूल म्हणजे खोगीरभरती. पण मला कुठे घोड्यावर बसता येतं? कराडला लहानपणी मी घोडा पाहिला तो वरातीतच, नखशिखांत सजलेला. नुसता घोडा मला अजून आंघोळीहून आल्यासारखा वाटतो.

तर गोष्ट अशी, की दोन वर्षांपूर्वी हट्टाने केंटकीला गेले. दर जुलैत लेक्सिंग्टनच्या हॉर्स पार्कात या घोड्यांची जत्रा भरते. खरी मजा मात्र रात्री हॉटेलात. खोल्यांची दारं सताड उघडी, पलंगांवर, इस्त्रीच्या टेबलावर, टीव्हीखाली घोडेच घोडे, आणि आपण बाजारात फिरल्यासारखं या खोलीतून त्या खोलीत जायचं. तिथे एका पलंगाच्या कोपऱ्यात नाताळचा एक जुना घोडा होता. झूल हरवलेली, पुढचा डावा पाय वाकलेला. पंधरा डॉलर. जुलैत नाताळचा घोडा, तोही लंगडा! वरात कधीच पुढे निघून गेलेली. घेतला.

पाय वाकण्याचं कारण साधं आहे. हे प्लास्टिक म्हणजे सेल्युलोज ॲसिटेट, आणि उन्हाळ्यात तापलेल्या माळ्यावर ते मऊ पडतं. घोडा कलतो, आणि फळीवर एक कलला की शेजारचे चार घेऊन खाली येतो. उपाय घरगुती. पातेल्यात कढत पाणी घ्यायचं, पाय त्यात मिनिटभर धरायचा, मऊ झाला की अलगद सरळ करायचा आणि लगेच गार पाण्यात. जोर लावला तर संपलंच. मी गॅसपाशी उभी राहून हे करत होते तेव्हा आई मागे येऊन थांबली. ती त्या उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी आली होती.

“अगं, घोड्याला शेक देतीयस?”

तिसऱ्या खेपेला तो ओट्यावर आपल्या पायांवर उभा राहिला. आईने दोन बोटांनी त्याला ढकलून पाहिलं, मगच तिची खात्री पटली.

दुसऱ्या दिवशी मी कामावर. संध्याकाळी येऊन पाहते तर घोडा पाटावर. अंगावर माझ्या जुन्या खणाच्या ब्लाउजची झूल, कडेला बारीक टीप, चारी कोपऱ्यांना लोकरीचे गोंडे. पुढ्यात पुरणपोळी. आणि कपाळावर ओल्या कुंकवाचं ठसठशीत बोट.

“आज बेंदूर. तुझ्या घरात मातीचा बैल कुठाय? मग म्हटलं, हाय त्यालाच पुजावं.”

मी किंचाळलेच. या छंदात मूळ रंगावर ओरखडासुद्धा चालत नाही, आणि इथे कुंकू! ओल्या कापसाने पुसलं, साबण लावून पाहिला. नखांचं रंग काढायचं पाणी लावायची सोय नाही, कारण त्यातल्या ॲसिटोनने हे प्लास्टिकच विरघळतं. पांढऱ्या टिळ्याचा घोडा तो, आता टिळ्याच्या मधोमध गुलाबी डाग. आई पोळीवर तूप वाढत शांतपणे म्हणाली, “बैलाला लावलेलं कुणी पुसतं का?”

डिसेंबरात तो बाकीच्यांबरोबर शेकोटीच्या कट्ट्यावर मांडला. लाल मखमलीच्या रांगेत एकटाच इरकली खणाचा. छंदातली एक मैत्रीण आली होती, ती सगळ्यांना सोडून त्याच्यापाशीच गेली. हा कुठल्या वर्षीचा, हा साज कधी निघाला होता, आपल्याला कसा मिळाला नाही? बेंदूर इंग्रजीत समजावताना माझी पुरती दमछाक झाली. शेवटी ती म्हणाली, विकणार असलीस तर आधी मला सांग.

विकत नाही. रविवारी आईचा फोन येतो. जावई, नातवंडं, गुडघे असं सगळं झालं की ठेवता ठेवता विचारते, “आणि काय गं, तुझा बैल परत नाही ना लंगडला?”