आठ सेंटीमीटरवरून दिसणारी भिंत

बाहुलीघरांच्या आतल्या भिंती सजवणं हे माझं काम. बहुतेक घरं एकास बारा प्रमाणात असतात, म्हणजे एका फुटाला एक इंच. खोलीची उंची जेमतेम 20 सेंटीमीटर भरते. बघणाऱ्याला वाटतं, एवढीशी भिंत, दुपारभरात उरकेल. पण साधा छापील कागद 0.1 मिलिमीटर जाड असतो आणि त्या घराच्या मापात ती जाडी 1.2 मिलिमीटर होते. कागदावर कागद चढला की तिथे पायरी दिसते. नक्षी अर्धा मिलिमीटर सरकली तर तिथे सहा मिलिमीटरचा फरक पडतो.

म्हणून माझा सगळा जीव कोपऱ्यात असतो. आधी छत, मग मागची भिंत. तिचा कागद दोन्ही बाजूंना पाचेक मिलिमीटर वळवून घ्यायचा आणि वळवलेली कड बारीक सँडपेपरने घासून पातळ करायची. बाजूच्या भिंतींचे कागद नेमके कोपऱ्यापर्यंत कापायचे. मापं पट्टीने घेऊन भागत नाही, कारण प्लायवूडच्या घराचा एकही कोपरा काटकोनात नसतो. प्रत्येक भिंतीचं पुठ्ठ्याचं टेम्प्लेट करावंच लागतं. प्लायवूडला आधी प्रायमर द्यायचा, नाहीतर लाकडातला पिवळेपणा कालांतराने वर येतो. खळ लावल्यावर कागद फुगतो, तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त. तो फुगू द्यायचा, थोडं थांबायचं आणि मगच चढवायचा. घाई केली की भिंतीवर फुगे. पीव्हीए, म्हणजे सुताराचा पांढरा गोंद थापणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पुढे कुणाला तो कागद बदलायचा असेल तर भिंतीचा पापुद्रा निघाल्याशिवाय तो सुटत नाही. मी मेथिल सेल्युलोजची खळ वापरते. पाणी लावलं की ती पुन्हा सुटते. हे घर माझ्यानंतरही कुणाच्या तरी हातात जाणार आहे, याचं भान या धंद्यात फार थोड्यांना आहे.

तर, एक काकू नातीसाठी तीन खोल्यांचं घर घेऊन आल्या. सोबत त्यांच्या जुन्या घरातल्या खऱ्या वॉलपेपरचा तुकडा होता. जाळीवर चढलेली वेल, हिरवट पार्श्वभूमी, बारीक कळ्या. झोपायच्या खोलीला हीच भिंत हवी होती.

मूळ नक्षी दर 48 सेंटीमीटरला परत येत होती, म्हणजे लहान घरात 4 सेंटीमीटरला. 12 मिलिमीटरची कळी एक मिलिमीटरची होणार आणि दोन मिलिमीटरचा देठ 0.17 मिलिमीटरचा. छपाई करणारा म्हणाला, रेषा जाड करा, कुणाला दिसतंय! 600 डीपीआयला, म्हणजे इंचाला 600 ठिपक्यांच्या छपाईत, असा देठ चार ठिपक्यांचा होतो. नीट छापला तर तो येतो, छापणाऱ्याची इच्छा हवी.

पण तो काही अगदीच चुकीचं सांगत नव्हता. जशीच्या तशी लहान केलेली नक्षी समोरून मळकट दिसते. रेषा, कळ्या, पार्श्वभूमी एकमेकांत मिसळतात आणि भिंत करडी होते. त्यात बाहुलीघराची खोली एकाच बाजूने उघडी, आत उजेड कमी. म्हणून मी नेहमी रंग फिका करते, नक्षी थोडी मोठी करते आणि तपशील गाळते. इतकी वर्षं हाच माझा नियम आहे आणि त्याचा मला अभिमानही आहे. बाजारात ‘एकास बारा’ म्हणून विकले जाणारे कागद पाहा, गुलाब ताटाएवढे झालेले असतात. मोठं करायचं तेही तोलून करावं लागतं.

तरीही मी दोन नमुने छापले, एक तंतोतंत आणि एक माझ्या पद्धतीचा. दुसऱ्यात मी देठ काढून टाकले होते आणि एकच कळी निवडून सगळीकडे फिरवली होती. दोन्ही समोरासमोरच्या भिंतींवर टाचले. काकूंनी लगेच माझ्या कागदाकडे बोट दाखवलं. “हीच आमची भिंत.”

मग नात पुढे झाली. आठ वर्षांची. तिने सरळ डोकं खोलीत घातलं. नाक भिंतीपासून चार बोटांवर. बराच वेळ ती तशीच राहिली. मग आतूनच म्हणाली, “ताई, या कळ्या कशाला धरून आहेत? त्या समोरच्यांना देठ आहेत. आणि तिथली एक कळी खाली बघतेय.”

मी भिंग आणलं. तंतोतंत नमुन्यात खरोखरच प्रत्येक फेरीत एक कळी खाली वळलेली होती. मूळ तुकड्यातही होती. काकूंनी तो तुकडा हातात घेतला आणि कितीतरी वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

त्या रात्री मी हिशेब मांडला. मी खुर्चीत बसून साधारण 75 सेंटीमीटरवरून बघते. बाराने गुणलं की 9 मीटर. आपल्या खोलीची भिंत 9 मीटरवरून कोण बघतं? एवढी मोठी खोली असते कुणाकडे? माझा नियम त्या अंतरासाठी बरोबर आहे. लहान मुलाचा डोळा मात्र सात-आठ सेंटीमीटरवरही स्पष्ट बघू शकतो. आठ गुणिले बारा, 96 सेंटीमीटर. म्हणजे ती मुलगी खोलीत भिंतीपासून एका मीटरवर उभी होती आणि मी अंगणापलीकडे.

या कलेतली नावाजलेली घरं पाहिली तर हा प्रश्न तिथे उठतच नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस पेट्रोनेला ऑर्टमनने सजवलेलं, आज ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये असलेलं घर घ्या, किंवा वास्तुविशारद ल्युटेन्सच्या आराखड्यावरून 1921 ते 1924 या काळात बांधलेलं, विंडसर कॅसलमधलं क्वीन मेरीचं बाहुलीघर. दोन्ही मोठ्यांनी मोठ्यांसाठी केलेली. आमच्या प्रदर्शनांतही परीक्षक दोरीपलीकडून बघतात आणि तिथून जे चांगलं दिसतं त्यालाच आम्ही चांगलं काम म्हणत आलो. दोरीच्या आत डोकं घालणाऱ्याला आम्ही ओरडतो.

झोपायच्या खोलीला मी तंतोतंत कागद लावला. काकूंना तो सोफ्यावरून काळपट दिसतो आणि त्यांनी तसं मला स्पष्ट सांगितलं. त्यांची तक्रार खरी आहे. मी छताच्या कडेला एक उबदार एलईडी वाढवला, थोडा फरक पडला, पूर्ण नाही. नात खूश आहे. पण तिचाही डोळा वयाबरोबर मागे सरकत जाणार आणि चाळिशी-पंचेचाळिशीत तिलाही हीच भिंत करडी दिसणार. तेव्हा तिने कागद बदलायचं ठरवलं तर तो पाण्याने सुटेल, एवढी सोय मी करून ठेवली आहे.

माझ्या नोंदवहीतला रंग फिका करण्याचा नियम मी खोडलेला नाही. त्याच्यापुढे अंतराचा एक रकाना आखला आहे आणि आता नवं काम घेताना घर कोण बघणार, कुठून बघणार हे आधी विचारते. ज्या घरात आजी आणि नात दोघी बघणार, तिथे त्या रकान्यात कोणता आकडा लिहायचा हे मला अजून ठरवता आलेलं नाही. काकूंच्या घराचा जिना बाकी आहे. त्याच्या भिंतीवर सध्या दोन्ही नमुने टाचलेले आहेत.