धातुकामाच्या पदव्युत्तर वर्गाआधीचे चार महिने : माझा अनुभव

धातुकाम आणि हस्तकला डिझाइनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची तयारी म्हटली की सगळे पोर्टफोलिओबद्दल बोलतात. प्रवेश मिळेपर्यंत ते बरोबरच आहे. पण प्रवेश पक्का झाल्यापासून पहिल्या वर्गापर्यंत मला चार महिने मिळाले, आणि ते कसे वापरायचे हे मला स्वतःच ठरवावं लागलं. मी ते नमुना-पट्ट्यांना दिले. एक वाटी सोडली तर वस्तू म्हणून काहीच केलं नाही. एकेक प्रक्रिया सुटी काढली, तांब्या-पितळेच्या छोट्या पट्ट्यांवर ती बिघडेपर्यंत केली आणि का बिघडली ते त्याच दिवशी वहीत लिहिलं.

असं ठरवण्यामागचं कारण साधं होतं. आपल्याकडे फक्त धातूला वाहिलेले पदव्युत्तर अभ्यासक्रम थोडे आहेत. जयपूरच्या भारतीय शिल्प संस्थानात धातू, लाकूड आणि दगड हे तिन्ही एकाच शाखेत शिकवले जातात. अशा रचनेत धातूच्या वाट्याला मोजकेच आठवडे येणार. त्यातले पहिले दिवस करवत सरळ चालवण्यात गेले, तर डिझाइनचा विचार करायला उरतं काय?

सुरुवात पत्र्यापासून. तांब्याचा आणि पितळेचा पत्रा दुकानात वजनावर मिळतो आणि जाडी गेजमध्ये सांगतात. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ब्रिटिश गेज चालतो, तर अमेरिकन पुस्तकांत दुसराच. 20 गेज म्हणजे ब्रिटिश मापात 0.91 मिलिमीटर आणि अमेरिकन मापात 0.81. पुस्तक वाचून दुकानात गेलं की इथेच घोळ होतो. म्हणून मिलिमीटरमध्येच मागावं आणि व्हर्नियर सोबत ठेवून तिथल्या तिथे मोजून घ्यावं. सरावासाठी 0.9 मिलिमीटरचा पत्रा मला सगळ्यात सोयीचा वाटला. तो हाताने वाकतो आणि झाळताना, म्हणजे सोल्डर वितळवून तुकडे जोडताना, चटकन वितळतही नाही. 30 बाय 30 सेंटिमीटरचा तांब्याचा तुकडा या जाडीत साधारण सव्वासातशे ग्रॅम भरतो, त्यावरून खर्चाचा अंदाज बांधता येतो. कागदावर त्यातून 25 बाय 75 मिलिमीटरच्या 48 पट्ट्या निघतात. करवतीची चीर आणि कडा सरळ करताना जाणारा भाग धरला तर हातात 40च्या आसपास येतात.

हत्यारं पुण्यात रविवार पेठेत आणि मुंबईत झवेरी बाजाराच्या आसपासच्या गल्ल्यांत मिळतात. मी घेतलेली यादी छोटी आहे: करवतीची कमान, 2/0 आणि त्याहून बारीक 4/0 मापाची ब्लेडं प्रत्येकी तीन डझन, सहा इंची अर्धगोल कानस, बारीक कानशींचा बाराचा संच, रेघ मारायची पोलादी सुई, कर्कटक, 15 सेंटिमीटरची पोलादी पट्टी, लाकडी हातोडा, एक गुळगुळीत तोंडाचा पोलादी हातोडा, झाळकामाची वीट आणि एलपीजीचा छोटा टॉर्च. पॉलिशची मोटर, पत्रा लाटायचं रोलिंग मिल, महागडे ऐरण-ठोकळे घेऊ नका. ते कार्यशाळेत असतात, आणि काय वापरायचं हे कळण्याआधी घेतलेलं हत्यार बहुधा चुकीचंच निघतं. कानशीवर मात्र पैसे वाचवू नका. तिला मूठ बसवूनच वापरा, नाहीतर मागचं टोक तळहातात घुसतं.

करवतीला मी पहिले दहा दिवस दिले. ब्लेडचे दात मुठीच्या दिशेने आणि बाहेरच्या बाजूला असावेत, कारण कापणी खाली ओढताना होते. कमान टेबलाच्या कडेला किंचित दाबून मगच वरचा स्क्रू आवळायचा. कमान सुटली की ब्लेड ताणलं जातं आणि बोटाने छेडल्यावर तारेसारखा स्वच्छ आवाज देतं. आवाज बसका आला तर ब्लेड ढिलं आहे आणि पहिल्याच वळणावर तुटणार. पत्र्याच्या जाडीत ब्लेडचे निदान दोन दात तरी एका वेळी बसायला हवेत. त्याहून भरड ब्लेड पत्र्याच्या कडेत अडकतं. पण बहुतेक ब्लेडं तुटतात ती पुढे रेटल्यामुळे. हाताने फक्त वर-खाली करायचं, पुढे जायचं काम करवतीचं करवत करते. वळणावर पुढे न जाता जागच्या जागी चालवत राहायचं आणि पत्रा हळूहळू फिरवायचा. ब्लेडच्या पाठीला अधूनमधून मेण लावायचं. पहिल्या दिवशी दीड डझन ब्लेडं गेली, दहाव्या दिवशी दोन. हा आकडाही वहीत ठेवला, कारण हात बसला की नाही हे त्याच्याइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही.

मग ताव, म्हणजे कडक झालेला धातू तापवून मऊ करणं. तांबं ठोकलं की कडक होतं, आणि कडक झालेलं तांबं आणखी ठोकलं की चिरतं. तापवून पुन्हा मऊ करायचं तर खोली अंधुक हवी. भर उजेडात तांब्याची लाली दिसत नाही आणि आपण नकळत जास्त तापवतो. अंधुक उजेडात जेमतेम मंद लाल दिसलं की थांबायचं. त्याहून पुढे गेलं तर धातूचे कण मोठे होतात आणि वाकवल्यावर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत दिसतो. मी तीन पट्ट्या मुद्दाम अशा जाळून ठेवल्या. तांबं लाल असतानाच पाण्यात टाकलं तरी चालतं, पोलादासारखं ते त्याने कडक होत नाही. पितळेचं तसं नाही. लाली पूर्ण उतरू द्यायची आणि मगच पाण्यात टाकायचं, नाहीतर तडे जाण्याची भीती असते. जास्त तापलेल्या पितळेतून जस्ताचा पांढरा धूर निघतो, म्हणून खिडकी उघडी आणि हवा आपल्यापासून बाहेर जाणारी हवी. पत्र्यावर जस्ताचा मुलामा असेल, किंवा बांधायची तार गॅल्व्हनाइझ्ड असेल, तर ती ज्योतीखाली अजिबात नेऊ नका. त्या धुराने थंडी वाजून ताप येतो.

चार महिन्यांतला सर्वांत मोठा वाटा झाळकामाने घेतला, आणि तो योग्यच होता. चांदीचा अंश असलेलं सोल्डर कठीण, मध्यम आणि सुलभ अशा प्रतींत मिळतं आणि साधारण 700 ते 780 अंश सेल्सिअसच्या टप्प्यात वितळतं. एका वस्तूवर अनेक सांधे असतील तर पहिला सांधा कठीण सोल्डरने, शेवटचा सुलभने, म्हणजे नंतरच्या तापाने आधीचा सुटत नाही. घेताना कॅडमियम नसलेलंच मागा. आपल्या सराफीत केडीएम म्हणून जे ओळखलं जायचं त्यात कॅडमियम असतं. तापवल्यावर त्याचा जो धूर होतो तो फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक आहे. घरच्या खोलीत त्याला जागा नाही.

सोल्डर फट भरत नाही, हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं. दोन कडा जुळवून उजेडासमोर धरा. मधून उजेड दिसला तर पुन्हा कानस घ्या. जुळलेल्या कडा एमरी कागदाने घासून स्वच्छ करायच्या, नंतर बोट लावायचं नाही. टाकणखार (बोरॅक्स) तापताना सांधा स्वच्छ ठेवतो; तो पाण्यात उगाळून दुधासारखा करायचा आणि सांध्याला लावायचा. आधी हळू तापवायचं. टाकणखार फुगतो आणि त्यासोबत सोल्डरचे तुकडे उडतात, म्हणून तो खाली बसून काचेसारखा होईपर्यंत घाई नको. मग पूर्ण वस्तू तापवायची. ज्योत सोल्डरवर धरायची नाही. सोल्डर उष्णतेकडे धावतं, त्यामुळे जाड तुकड्याला आधी ताप द्यावा लागतो. पातळ तार आणि जाड पत्रा जोडताना तार वितळून जाते ती याच चुकीने.

माझ्या चौदा सांध्यांच्या पट्टीवर बिघाडांचे तीन प्रकार आले. सोल्डरची गोळी झाली आणि पसरलंच नाही: पृष्ठभाग मळका होता, किंवा ताप इतका वेळ लागला की टाकणखार संपला. अशा वेळी आणखी तापवून उपयोग होत नाही. थांबून, साफ करून, नव्याने सुरुवात करावी लागते. दुसरं, सोल्डर एकाच बाजूला चढलं: ताप असमान होता. तिसरं, सांधा वरून भरलेला दिसला पण वाकवल्यावर उघडला: आत फट होती. म्हणून प्रत्येक सांधा शेवटी पक्कडीत धरून वाकवून तोडायचा प्रयत्न करायचा. पत्रा वाकला आणि सांधा टिकला तरच तो पास. तांबं उष्णता फार भरभर पसरवतं, त्यामुळे छोट्या टॉर्चवर मोठी वस्तू तापतच नाही. त्यात माझा दोष आहे असं समजून मी एक आठवडा वाया घालवला. तुम्ही घालवू नका.

झाळल्यानंतरचा काळा थर आणि टाकणखाराची काच काढायला मी लिंबूसत्व वापरलं, लिटरभर गरम पाण्यात 100 ग्रॅम. वेळ जास्त लागतो, पण घरात सल्फ्युरिक आम्ल ठेवावं लागत नाही. या द्रावणात लोखंडी चिमटा घालू नका. लोखंडामुळे द्रावणातलं तांबं पितळेवर आणि चांदीवर गुलाबी थर होऊन बसतं. तांब्याचा, लाकडी किंवा प्लॅस्टिकचा चिमटा घ्या. बांधणीची लोखंडी तारही आधी काढायची.

वाटीसाठी 15 सेंटिमीटर व्यासाची चकती घेतली. उथळ वाटीला चकतीचा व्यास म्हणजे वाटीचा व्यास अधिक तिची उंची, हा ढोबळ हिशेब पुरतो. चकतीवर कर्कटकाने एकेक सेंटिमीटरवर वर्तुळं आखली, लाकडी ठोकळ्याला खळगा कोरला आणि काठाकडून मध्याकडे ठोकत गेले. काठावर चुण्या पडतात. त्या तिथल्या तिथे लाकडी हातोड्याने सपाट करायच्या. चुणी दुमडली की ती पुढच्या फेरीत चिरतेच. प्रत्येक फेरीनंतर ताव दिला. अशा पाच फेऱ्या लागल्या.

यानंतरचं शिक्षण पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत झालं. मठारकाम, म्हणजे तांब्याच्या भांड्यावर हातोड्याने ओळीने पाडलेले चकचकीत ठसे, हे तिथल्या तांबटांचं काम. ते शोभेचं दिसतं खरं, पण प्रत्येक घावाने पत्रा कडक होतो आणि भांडं चेपायला अवघड बनतं. तिथे जाताना मी आधी विचारून, सकाळी, काम थांबवावं लागणार नाही अशा बेताने गेले आणि फोटोआधी परवानगी घेतली. तासभर फक्त ऐकलं. भांडं आतून ठोकळ्याला नीट टेकलेलं असलं की घावाचा आवाज खणखणीत येतो. मध्ये पोकळी राहिली की तो बसका होतो आणि पत्र्याला खड्डा पडतो. “काका, हातोड्याचं तोंड किती दिवसांनी घासता?” असं विचारल्यावर उत्तर आलं, “रोज बघायचं. तोंडावर ओरखडा असला तर तो प्रत्येक घावाला भांड्यावर उमटणार.” घरी येऊन मी माझ्या हातोड्याचं तोंड 220पासून 1200पर्यंतच्या एमरी कागदांनी घासलं, दर कागदाला दिशा बदलून. आधीचे ओरखडे पूर्ण गेले की मगच पुढचा कागद. तेवढं केल्यावर वाटीवरचे ठसे पहिल्यांदा स्वच्छ आले.

चित्रकामासाठी राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते आणि दिवे निवडले. अडकित्ता काढायला सांगितला की बहुतेक जण नक्षी काढतात. मी बिजागरी काढली: रिव्हेट कुठे, दोन पाती एकमेकांवरून कशी सरकतात, मूठ मिटल्यावर मध्ये किती जागा उरते. मग त्याचीच समोरून, वरून आणि बाजूने अशी तीन दृश्यं काढली. आपल्याकडे रेखाटन पहिल्या कोनाच्या पद्धतीने करतात, म्हणजे वरचं दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली येतं. परदेशी पुस्तकांत उलट दिसलं तर ती अमेरिकन पद्धत आहे हे लक्षात ठेवावं.

पट्ट्यांचे फोटो काढताना धातूत आपलाच चेहरा आणि खिडकी दिसते. खिडकी आणि पट्टी यांच्यामध्ये ट्रेसिंग पेपर ताणून लावला, खाली राखाडी कागद ठेवला आणि हातमोजे घालून पट्ट्या मांडल्या, कारण पॉलिश केलेल्या तांब्यावर बोटाचा ठसा दुसऱ्या दिवशी काळा पडतो. प्रत्येक फोटोत पोलादी पट्टी ठेवली, म्हणजे माप सांगावं लागत नाही.

निघताना गॅसची टाकी आणि टॉर्च घरी ठेवले. रेल्वेत गॅस आणि आम्ल नेता येत नाही. कानशी एकमेकींवर घासून बोथट होऊ नयेत म्हणून प्रत्येक वेगळ्या कापडात गुंडाळली, हातोड्याच्या तोंडाला तेलाचा हात लावून त्यावर प्लॅस्टिक बांधलं. पट्ट्यांवर ठशाने आकडे मारले होते आणि वहीत त्याच आकड्यांखाली नोंदी होत्या. पट्टी 23 वर, जिथे सांधा चार वेळा सुटला, त्या नोंदीखाली एक प्रश्न अजून मोकळा होता. तो पहिल्या वर्गात विचारायचा म्हणून पान दुमडून ठेवलं.