वर्गामागची खुंटी

आपल्या शाळेत तळमजल्यावरच्या वर्गात मागच्या भिंतीला छत्र्या आणि रेनकोट अडकवायच्या लाकडी खुंट्या होत्या. त्यांतली दाराजवळची खुंटी माझ्या बुरख्याची होती. मुंबईतल्या डोंगरीहून चालत आल्यावर मी तो काढत असे, जमिनीला लागू नये म्हणून खालचा घेर दुमडून अडकवत असे आणि गणवेशात बाकावर बसत असे. एकाही शिक्षकाने त्याबद्दल कधी विचारले नाही, आणि पावसाळ्यात खुंट्या अपुऱ्या पडल्या तरी मैत्रिणी ती एक माझ्यासाठी मोकळी ठेवत.

माझी दादी रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठची. गावी ती लुगडे नेसून, डोक्यावर पदर घेऊन भाताची लावणी करी. बुरखा तिच्याकडे नव्हताच. मुंबईत दादांची, म्हणजे आजोबांची, गोदीतील नोकरी कायम झाली तेव्हा तिने पहिला बुरखा शिवून घेतला, कारण या घरातल्या बाईला मजुरीला जावे लागत नाही हे चाळीला दिसायला हवे होते. अम्मीच्या वेळी हा अर्थ पार उलटला. बुरखा घालते म्हणूनच तिला लोकलने एकटीने शिवणवर्गाला जाऊ दिले गेले. गोषा म्हटले की घरात कोंडलेली बाई डोळ्यांसमोर येते, पण आमच्याकडे त्याच कापडाने अम्मीला उंबरठ्याबाहेर नेले.

१९८७ साली, नववीत असताना, इतिहासाच्या बाईंनी एकदा पुस्तक मिटून कैरो आणि तेहरानची हकिगत सांगितली. इजिप्तमधील स्त्री-हक्कांच्या कार्यकर्त्या हुदा शारावी यांनी १९२३ मध्ये रोमच्या महिला परिषदेहून परतल्यावर कैरोच्या रेल्वे स्थानकात चेहऱ्यावरचा पडदा स्वतःहून दूर केला. इराणात मात्र तिथले राजे रझा शाह यांनी १९३६ मध्ये पडद्यावर बंदी घातली, पोलीस रस्त्यात बायकांची चादर, म्हणजे डोक्यापासून पायांपर्यंत पांघरायचे वस्त्र, ओढू लागले आणि कित्येकींनी घराबाहेर पडणेच सोडले. पुढे रझा शाह यांच्या मुलाविरुद्धच्या, म्हणजे नंतरच्या शाहविरुद्धच्या आंदोलनात, एरवी चादर न घेणाऱ्या अनेक शिकलेल्या स्त्रियांनी ती निषेध म्हणून पांघरली. १९७९ च्या क्रांतीत शाहची सत्ता गेल्यानंतर काही वर्षांतच डोके झाकणे कायद्याने सक्तीचे झाले. बाईंनी फळ्यावर १९३६ आणि १९८३ हे दोन आकडे लिहिले आणि विचारले, "यांतल्या कोणत्या वर्षी बायकांना विचारले होते?" वर्ग गप्प होता. माझी नजर खुंटीकडे गेली, कारण मलाही घरी कोणी विचारलेले नव्हते.

कॉलेजात मी बुरखा सोडला. जानेवारी १९९३ च्या दंगलीत अम्मीने लोकलमध्ये चढण्याआधी तिचा बुरखा काढून पिशवीत भाजीखाली ठेवला. तिचे थरथरणारे हात मी पाहिले आहेत. शहर शांत झाल्यावर तिने तो पुन्हा घातला. तेव्हा तिच्याबरोबर जाताना मीही मुद्दाम घालू लागले, आणि त्यात श्रद्धेपेक्षा तिला एकटे पडू न देण्याचा भाग अधिक होता.

माझी बहीण डोके झाकत नाही, तिची मुलगी मात्र स्वतःच्या मर्जीने हिजाब बांधते. २०२२ मध्ये कर्नाटकातील मुली हिजाबसह वर्गात बसू द्या म्हणून महाविद्यालयांच्या दाराशी उभ्या होत्या, आणि हिजाबच्या नियमावरून पोलिसांनी पकडलेल्या महसा अमिनीच्या मृत्यूनंतर इराणातील मुली तोच हिजाब जाळत होत्या. भाचीला दोघीही आपल्या वाटतात, आणि मलाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कर्नाटकातील वर्गांमधल्या हिजाबबंदीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही.

शाळेची नवी इमारत होणार असल्याचे कळले. आराखडा करणाऱ्यांना माझी विनंती आहे की प्रत्येक वर्गाच्या मागच्या भिंतीवर खुंट्या असाव्यात, आणि एखादी मुलगी डोके झाकूनच बाकावर बसली तर तिलाही कोणी काही विचारू नये.